रकान्यातलं ‘नाही’

मुरुम गावच्या शिवकन्यानं नवऱ्याची दारू अकरा वर्षं झाकली. रुद्रेश खताच्या दुकानात कामाला. दुपारीच झोकांड्या खात घरी आला की शेजारणींना ती सांगायची, पित्त झालंय, ऊन लागलंय. त्या पित्ताचं तर तिनं पार नाव खराब करून टाकलं.

सासरे शिवलिंगप्पा तिच्याहून पक्के. दीड वर्षापूर्वी घरच्यांचा आरोग्य विमा काढला, तेव्हा एजंटानं व्यसनाचा रकाना विचारायचा अवकाश, म्हणाले, नाही म्हणून लिवा; आमी लिंगायत, गळ्यात इष्टलिंग हाय, असलं आमच्यात चालत न्हाय. रुद्रेश तेव्हा आतल्या खोलीत तर्र होऊन पडला होता. शिवकन्यानं एजंटाला चहा दिला आणि आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं. काय करणार बापडी!

या उन्हाळ्यात रुद्रेशनं महादेवाची शपथ घेऊन एकदम सोडली. दोन दिवसांत हातपाय थरथरायला लागले, भिंतीवर नसलेल्या मुंग्या दिसायला लागल्या आणि फिट आली. गाडी करून सोलापूरला खासगी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाही आजारच आहे. मनाच्या आजाराला इतर आजारांसारखाच विमा द्यायचा असा कायदा आहे, महिनाभर ठेवू. शिवकन्याच्या जिवात जीव आला. पण लगेच बाईंनी विचारलं, किती वर्षं पितात, रोज किती? औषध त्यावर ठरतं, खरं सांगा.

शिवलिंगप्पांनी सुनेला बाहेर व्हरांड्यात नेलं. सहा महिने सांग म्हणाले, म्हंजी विम्यानंतर लागली असं होतंय. खरं सांगितलं तर फॉर्म खोटा ठरतो, विमा जातो, आणि इथं महिनाभर ठेवायची आपली ऐपत न्हाय. सरकारी दवाखान्यात खाट रिकामी नव्हती, ते आधीच विचारून झालं होतं. सासऱ्यांनी चक्क हात जोडले. शिवकन्याला रडू फुटलं. सहा महिने म्हणावं तर औषध कमी पडून जिवावर बेतायचं. अकरा वर्षं म्हणावं तर अर्ध्यातूनच घरी न्यायची पाळी.

आत रुद्रेश चादरीवरून काहीतरी वेचत होता. चादरीवर काहीच नव्हतं.

"अकरा वर्षं," तिनं बाईंना सांगितलं. "रोज. सकाळपासून."

औषध लागू पडलं. चौथ्या दिवशी रुद्रेशनं तिला नावानं हाक मारली, चहाचा कप न सांडता धरला. सातव्या दिवशी विमा कंपनीनं कळवलं, व्यसन लपवलं होतं, दावा नामंजूर. डॉक्टरीणबाई फोनवर लई भांडल्या, उपयोग झाला नाही. आठव्या दिवशी त्याला मुरुमला आणलं. शिवलिंगप्पा तेव्हापासून सुनेशी बोलत नाहीत.

घरी आल्या आल्या रुद्रेश आतल्या खोलीत जाऊन बसला.

"बाहेरनं कडी घाल," तो म्हणाला. "म्या कितीबी वरडलो तरी काढू नगंस."

तिनं कडी घातली. थोड्या वेळानं आतून त्यानं विचारलं, महिना भरायला किती दिवस राहिले?

"बावीस," ती म्हणाली आणि दाराला पाठ लावून तिथंच खाली बसली. चूल पेटवायची होती, पाणी भरायचं होतं. पण तिथून उठायचा तिला धीर होईना.