पाहुण्यांसाठी सजवलेली पाळ

माझ्या मोठीमायइतकी नीटनेटकी बाई अख्ख्या भंडारा जिल्ह्यात नसेल, आणि या नीटनेटकेपणाने तिचं जेवढं नुकसान केलं तेवढं कुठल्या पुरानेही केलं नसेल. मोठीमाय म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. राहते सिहोऱ्याजवळच्या एका गावात. कोणी येणार असं कळलं की ती खराटा उचलते. मीटर बघायला येणाऱ्यासाठीही अंगण झाडते. एकदा घरात साप निघाला, तर सर्पमित्र पोचेपर्यंत हिने सापावर टोपली पालथी घालून ओसरी सारवून घेतली होती. तापाने फणफणलेली असताना डॉक्टर आले, तेव्हा ती आंघोळ करून, ठेवणीतलं पातळ नेसून दारात उभी. डॉक्टरांनी माझीच नाडी धरली, आणि मी बुजरी असल्यामुळे ती धरू दिली. मी मात्र तिच्या लेखी घरची. माझ्यासाठी ती जागची उठत नाही. पसाऱ्यातच बसवते आणि सगळी दुखणी सांगते.

मागच्या वर्षी परतीच्या पावसाने गावातल्या बोडीची पाळ फुटली. बोडी म्हणजे धानाला पाणी देणारं लहान तळं. मोठीमायच्या बचत गटातल्या सगळ्या बायकांच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, तिच्याच पाण्यावर. हवामान बदलाचा फटका बसलेल्या खेड्यांतल्या बायकांसाठी कुठलासा परदेशी निधी असल्याचं मला समजलं. अर्ज इंग्रजीत, म्हणून भरायला मी. माझ्या इंग्रजी शाळेचा घराण्याला झालेला हा पहिला उपयोग. एका रकान्यात गटाची 'अनुकूलन क्षमता' विचारली होती. मी बराच वेळ समजावल्यावर मोठीमाय म्हणाली, "लिही, आमी सारं सोसून घेतो." अर्ज पुढे सरकला, उन्हाळ्यात दोघं जण पाहणीला येणार असं ठरलं. मी तिला आठवडाभर आधी फोन करून सांगितलं. ती चूक माझी.

पाहणीच्या सकाळी मी पोचले तर फुटलेली पाळ नव्हतीच. बायकांनी घमेल्यांनी माती वाहून, पोती रचून भगदाड बुजवलं होतं. वर शेणाचा सडा, रांगोळी, आंब्याच्या पानांचं तोरण. मी कपाळाला हात लावला, तर तिलाच माझं नवल वाटलं.

"पावणे येऊन राहिले अन् फुटकी पाळ दाखवू? मले लाज नाई का?"

ती पोती पावसात टिकणार नाहीत हे तिलाही माहीत होतं.

आलेल्या दोघांपैकी बाईंनी इंग्रजीत विचारलं, नेमकी अडचण काय आहे? मी मोठीमायला सांगितलं. तिने पदर सावरला.

"अडचण कायची जी? तुमी आले, सारं भरून पावलं. पयले च्या घ्या."

बाई माझ्याकडे पाहू लागल्या. फुटलेल्या पाळीचा फोटो माझ्या फोनमध्ये होता. मोठीमाय कपबशा पुसत होती, इतकी खुशीत मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मी शब्दाला शब्द लावून भाषांतर केलं आणि फोन पर्समध्ये ठेवला.

नकार दोन ओळींचा आला. बोडी सुस्थितीत आहे, मदतीची गरज दिसत नाही. मी तो वाचून दाखवला. "सुस्थितीत म्हनलं ना?" एवढंच तिने विचारलं, आणि ते बायकांना सांगायला गेली. पावसाळ्याच्या दुसऱ्या आठवड्यात पोती वाहून गेली. मी फोटोसकट पुन्हा लिहिलं. उत्तर नाही.

परवा मी तिच्याकडे गेले, निघताना फोन करून. अंगण झाडलेलं होतं. दारात रांगोळी होती. मोठीमाय ठेवणीतलं पातळ नेसून उभी होती. धानाची रोवणी झाली का, मी विचारलं.

"सारं बरं हाय," ती म्हणाली. "तू पयले च्या घे."