लव्हाळ्यात मिसळलेली यूची पानं

माळीकाकांची वनस्पती उद्यानात एकतीस वर्षं गेली. झाडांखालचा रानलव्हाळा माजला की ते तो कापायचे आणि भारा कुंपणापलीकडच्या मावशींना द्यायचे. मावशी एकट्या, सोबतीला एक गाभण शेळी. "तुमच्या लव्हाळ्यावरच पोसली जातेय ही," असं त्या हसून म्हणायच्या.

त्या दिवशी काकांनी यू या विलायती झाडाचं कुंपणही छाटलं होतं. लेकीला घ्यायला स्टेशनवर जायचं होतं. दोन्ही ढीग जवळजवळ पडलेले. घाईघाईत त्यांनी दाताळ्याने सगळं एकत्र ओढलं आणि भारा पलीकडे टाकला. यूची पानं विषारी असतात, हे नव्या माळ्यांना तेच शिकवत.

सकाळी शेळी मेलेली होती.

"रात्री साप चावला असावा," मावशी म्हणाल्या.

"असेल," काका म्हणाले. भाऱ्याच्या तळाशी उरलेली गर्द हिरवी पानं त्यांना दिसली होती.

त्या एका शब्दाने त्यांना पोखरलं. बारा दिवस ते मागच्या फाटकाने जात राहिले. बायकोने विचारलं, तर अंगावर खेकसले. लेक म्हणाली, "बाबा, मी आल्यापासून तुम्ही माझ्याशी धड बोलला नाहीत." तिला त्यांनी शेळीचं सगळं सांगितलं.

तेराव्या दिवशी ते मावशींच्या दारात गेले. हातात दोन काड्या.

"ही चिमटीत फिरवून बघा. तीन कडा लागतात. हा लव्हाळा. आणि ही चपटी, मऊ पानं यूची. झाडच आहे ते, पाइनसारखं सदाहरित. तोडलं तरी कित्येक दिवस हिरवंच राहतं, आणि वाळलं तरी विष जात नाही. तुमच्या शेळीला मीच घातलं हे. चुकून."

मावशींनी काडी फिरवून पाहिली.

"चूक कुणाच्याही हातून होते. पण तुम्हाला ठाऊक होतं, आणि मी सापाला बोल लावत बसले. तुम्ही 'असेल' म्हणालात."



दुसऱ्याच दिवशी काकांनी उद्यानाच्या अधीक्षकांना सगळं सांगितलं. यूच्या छाटणीसाठी झाकणाची पेटी आली. महिन्याभराने काका मावशींकडे एक पाठ, शेळीचं मादी पिल्लू, घेऊन गेले. मावशींनी ती ठेवून घेतली, तिला दूधही पाजलं.

"चारा मात्र मी माझा आणीन," त्या म्हणाल्या.

रागावून नव्हे, अगदी साधेपणाने. काकांना तेच जास्त लागलं.