दोन रिंगा आणि एक मिरची

आम्ही पोपट पाळला, असं म्हणणं तितकंसं खरं नाही. तो पडला. खडकीला दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये आम्ही राहायचो. दारासमोर एक जुनं शिरीषाचं झाड होतं. त्याच्या ढोलीतून एक उघडंबोडकं पिल्लू बाबांच्या सायकलपाशी येऊन पडलं. बाबा कारखान्यात फिटर होते आणि मोडकं दिसेल ते उचलून आणायची त्यांना खोड होती, त्यामुळे पिल्लूही घरात आलं. आई म्हणाली, "जगलं तर ठीक, नाहीतर मला रडत बसायला लावू नका." ते जगलं. हिरवंगार झालं, गळ्याला कंठ आला आणि हॉलच्या खिडकीत त्याचा पिंजरा लागला. त्याला नाव असं कधी ठेवलं नाही. नावं ठेवली, ती मात्र भरपूर.

बोलण्याच्या बाबतीत त्याने आमची घोर निराशा केली. शेजारचे आजोबा महिनाभर येऊन "राम राम" शिकवून थकले, पण हा ढिम्म. त्याला माणसांपेक्षा वस्तूंची भाषा आवडायची. सगळ्यात आधी तो कुकरची शिट्टी शिकला. आई तीन शिट्ट्या मोजून गॅस बंद करायची, त्यातली एखादी त्याची असायची, आणि पानात डाळ कच्ची पडायची. "चावून खाल्ली की पचते," बाबा म्हणायचे. पोपटाच्या विरुद्ध ते कधी एक शब्द बोलायचे नाहीत.

मग घरात फोन आला. वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेल्यांना अचानक धडाधड फोन मिळू लागले होते, ते दिवस. आईने त्यावर भरतकामाचा रुमाल घातला आणि खिडकीजवळच्या स्टुलावर, पिंजऱ्याच्या बरोबर खाली, त्याला बसवलं. पुढे काही वर्षांनी मी इंजिनीअर झाले आणि मला नोकरी लागली ती खराडीला. खराडी तेव्हा आईच्या लेखी पुण्यात नव्हतीच. होळकर पूल, येरवडा, मग तो ट्रकांनी भरलेला नगर रोड, आणि त्यावरून माझी स्कूटी. आईने सरळ सांगितलं, "एवढ्या लांबची नोकरी मला नको." बाबांनी मध्यस्थी केली आणि तह झाला. ऑफिसात पोचले की मी मोबाइलवरून घरी दोन रिंगा द्यायच्या आणि कट करायचं. फोन कुणी उचलायचा नाही. दोन रिंगा म्हणजे पोचली. तेव्हा सगळ्या पुण्यात हेच चालायचं, त्यात आमचं काही विशेष नव्हतं.

विशेष होता तो आईचा चहा. मी निघाले की ती स्वतःपुरता चहा टाकायची आणि कप घेऊन फोनसमोर बसायची. प्यायची मात्र नाही. दोन रिंगा वाजल्या की "पोचली" म्हणायची, उठायची, निवलेला चहा पुन्हा गरम करायची आणि त्या आनंदात पोपटाला एक हिरवी मिरची द्यायची. हे मला ऑफिसातून दिसत नसे, बाबांनी सांगितलं म्हणून कळलं. ऐकून मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. त्यानंतर कितीही उशीर झाला असला तरी मी पार्किंगमध्ये हेल्मेट काढायच्या आधी फोन लावायची.

इकडे पोपटाने आपला हिशोब जुळवला होता. दोनदा वाजलं की मिरची मिळते. मग वाजायला फोनच कशाला हवा?

तो कधीपासून वाजू लागला हे आम्हाला कळलं नाही. त्याच्या मागून माझ्या खऱ्या रिंगा आल्या की आईला वाटायचं, दुसऱ्याच कुणाच्या. कळलं ते माझा अपघात झाला त्या दिवशी. नगर रोडला रस्त्यावर सांडलेल्या वाळूवरून स्कूटी घसरली आणि उजवं मनगट मोडलं. दोन भल्या माणसांनी रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेलं. माझ्या मोबाइलचे तीन तुकडे झाले होते. हात दुखत होता, पण डोळ्यांसमोर सारखी आई येत होती, कप घेऊन फोनसमोर बसलेली. मी सिस्टरना घरचा नंबर दिला. त्या बाहेर जाऊन फोन करून आल्या आणि माझ्याकडे जरा संशयाने बघत म्हणाल्या, "त्या बाई म्हणतात, राँग नंबर. त्यांची मुलगी कधीच ऑफिसात पोचली. आणि फोन ठेवून दिला."

मी म्हटलं, "मला लावून द्या." त्यांनी स्वतःचा मोबाइल माझ्या डाव्या कानाला धरला.

"आई, मी बोलतेय. मी पोचले नाही गं."

"असं कसं? मघाशी तर रिंग दिलीस."

आणि तेवढ्यात तिच्या मागे फोन वाजला. स्वच्छ, खणखणीत, दोनदा. जो फोन आईच्या हातात होता, तोच पलीकडे वाजत होता. आईने एवढंच विचारलं, "कुठे आहेस?"

माझं प्लॅस्टर महिनाभराने निघणार होतं. आईचा राग त्याआधी निघेल असं दिसत नव्हतं. घरी आल्यावर तिने पिंजरा मागच्या गॅलरीत नेऊन ठेवला आणि बाबांना सांगितलं, "ह्याला बाहेर काढा. माझी मुलगी रस्त्यात पडली होती आणि ह्याने मला चहा पाजला." बाबांनी मान खाली घातली. मार्केट यार्डात त्यांचा एक मित्र होता, पेरूचा व्यापारी. तो रविवारी येऊन पोपट घेऊन जाणार असं ठरलं. "पेरूला तोटा नाही त्याच्याकडे," असं बाबा पोपटाला समजावत होते. खरं तर ते स्वतःलाच समजावत होते. पोपट गॅलरीतून दिवसभर वाजायचा, दोन-दोन रिंगा, आणि कुणी उठायचं नाही. हळूहळू तो गप्प झाला. डाळही खाईना. मलाच रडू यायला लागलं. त्याने बिचाऱ्याने कुणाला फसवलं नव्हतं, मिरची मागितली होती.

शनिवारी संध्याकाळी आई गॅलरीत वाळलेले कपडे काढायला गेली आणि बराच वेळ आली नाही. मग पिंजरा उचलून हॉलमध्ये आली आणि खिडकीत जागच्या जागी लावला. बाबांनी तिच्याकडे बघितलं.

"मार्केट यार्डात एवढा गोंगाट," ती म्हणाली, "तिथे ह्याचं कोण ऐकणार?"

मी कामावर परत जायला लागले तेव्हा तहात दुरुस्ती झाली. यापुढे तीन रिंगा. दोन म्हणजे तो, तीन म्हणजे मी. पोपटाने तिसरी रिंग कधी शिकली नाही. दोनातच मिरची मिळत असताना तिसरीचे कष्ट कोण घेईल? कारण आई दोन रिंगांनाही त्याला मिरची देतच राहिली. चहा मात्र तिसरीलाच प्यायची.

पुढे बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सुटली आणि खडकीतच दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. माझं लग्न झालं, आम्ही खराडीलाच घर केलं. ऑफिस दहा मिनिटांवर आलं आणि पोचल्याचं कळवण्यासारखं काही राहिलं नाही. रिंगा कधी थांबल्या ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. बाबा गेले. आईच्या हातात मोबाइल आला आणि तो भरतकामाच्या रुमालातला फोन आम्ही काढून टाकला. आता आई आणि पोपट, दोघंच.

परवा सुट्टी काढून मी दोन दिवस आईकडे राहायला गेले होते. सकाळी हॉलमध्ये पेपर वाचत बसले होते, आणि फोन वाजला. दोनदा. जो फोन घरात नव्हता तो. आई स्वयंपाकघरातून मिरची घेऊन आली, पोपटाला दिली, स्वतःशीच "पोचली" म्हणाली आणि समोरचा निवलेला कप उचलून आत गरम करायला निघाली.

"आई, अगं मी इथेच आहे की."

"दिसतंय मला," ती थांबून म्हणाली. "तू सोडलंस, त्याने नाही सोडलं. मग मी तरी कशाला मोडू?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी पेपर तसाच तोंडासमोर धरून बसले.

सोमवारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावली आणि आईच्या मोबाइलला तीन रिंगा देऊन कट केलं. दिवसभर तिचा फोन नाही. मला वाटलं, तिला कळलंच नसेल. संध्याकाळी मीच न राहवून फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झालं. ठेवता ठेवता ती म्हणाली, "आज दोनदा पोचलीस. चहा निवायच्या आधीच प्याले."