तोंड बांधलेला काटा

माझ्या त्या साहेबांचं नाव मी इथं घेणार नाही. चांगुलपणा म्हणून नव्हे, त्यांचं नाव तोंडात आलं की अन्न गोड लागत नाही म्हणून.

सातपूरला एका गाळ्यात आमचं वर्कशॉप होतं. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. साहेब, मी आणि वायरिंगला येणारे एक काका, एवढाच पसारा. आम्ही भुईकाट्याचे कॉम्प्युटर बनवायचो. भुईकाटा म्हणजे ज्याच्यावर अख्खा ट्रॅक्टर मालासकट चढतो तो. आत फुकटात मिळणारी एक सिस्टिम टाकायची, तिच्यावर आमचा वजनाचा प्रोग्रॅम, आणि हे सगळं एका पत्र्याच्या डब्यात बसवून विकायचं. साहेब पुण्याहून शिकून आलेले आणि त्याची आठवण चहाबरोबर रोज करून द्यायचे.

लासलगावच्या अलीकडे एकाचा खासगी काटा होता. तो मालक डबा बघायला आला आणि नेमका त्याच्यासमोर डबा पडला. पडला म्हणजे, सिस्टिमच्या पोटात जो मूळ प्रोग्रॅम असतो, कर्नल म्हणतात त्याला, त्याला पुढे काय करावं ते कळेना. अशा वेळी कर्नल काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत 'पॅनिक' असं लिहितो, कुठल्या भागात घोटाळा झाला ते लिहितो, आणि तिथंच थांबतो. मुद्दाम थांबतो. डोकं ठिकाणावर नसताना काम करत राहिलो तर लोकांचं नुकसान होईल, एवढी अक्कल त्याला असते. पुष्कळ माणसांना नसते.

"हे काय हो साहेब, तुमचं मशीन घाबरलं?" मालक हसत म्हणाला.

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मालक गेल्यावर मला म्हणाले, "उद्या पहिलं काम, हे रडगाणं बंद कर. पडलं तर गुपचूप उठावं आणि कामाला लागावं. गिऱ्हाइकाला कळता कामा नये."

"साहेब, ते रडगाणं नाहीये. कुठं दुखतंय ते सांगतंय ते. आधी दुखणं बघू ना!"

"झाकली मूठ सव्वा लाखाची, कळलं? जास्त शहाणपणा नको."

दुखणं कुठं होतं ते आम्हा दोघांनाही स्क्रीनवर दिसलं होतं. काट्याकडून येणारे वजनाचे आकडे वाचण्याचा जो भाग होता, तिथं. वजन झपाझप बदललं की आकड्यांचा लोंढा यायचा आणि तो भाग बुडायचा. आणि तो भाग साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलेला. खरी पोटदुखी ती होती! मी म्हटलं, मी करणार नाही. ते म्हणाले, बघू.

मग चैत्रातली वणीची यात्रा आली. आमच्या घरचा फुलांचा मळा, गडावर जाणं कधी चुकत नाही. मी रजा टाकून गेले. परत आले तर डबा लासलगावकडच्या त्या काट्यावर गेलेला. "बसवला पण," साहेब म्हणाले. "झकास चाललाय." मी विचारलं, ते पडायचं काय झालं? म्हणाले, "सोडवलं." आणि मी बावळट, विश्वास ठेवला.

उन्हाळी कांद्याची आवक जोरात होती. एका सकाळी मालकाचा फोन आला. त्याच्या काट्यावर वजनं कमी भरत होती. रोज नाही, सगळ्यांची नाही, मधूनच एखाद्याच्या ट्रॅक्टरचं. दुसऱ्या काट्यावर नेलं की कित्येक क्विंटलांचा फरक. शेतकऱ्यांनी काट्यावर बसणाऱ्या ऑपरेटरला धरलं होतं. हा काटा मारतो, व्यापाऱ्याला सामील आहे, म्हणून त्याला चोपला होता. मालक त्याला त्याच दिवशी पोलिसांत देणार होता.

साहेबांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "जा तिथं. रिकामा काटा दाखव, एकदा भरलेला दाखव. मशीन शंभर टक्के बरोबर आहे म्हण. माणूसच चोर निघाला तर आपण काय करणार?"

एसटीनं गेले. वाटेत मलाही वाटत होतं, असेल चोर. काट्यावर कोण काय करेल सांगता येत नाही.

काट्यापाशी ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि माणसं तापलेली होती. ऑपरेटर केबिनच्या बाहेर दगडावर बसला होता. चाळिशीचा, निफाडकडचा माणूस. शर्टाची कॉलर फाटलेली, एक गाल सुजलेला. माझ्याकडे बघून म्हणाला, "आल्या का? या. तुमच्या डब्यानं वाटुळं केलं माझं."

"डब्यानं काय केलं?" मी पण खेकसले.

तेवढ्यात एक धिप्पाड शेतकरी पुढं आला. त्यानंच याला मारलं होतं आणि ते तो अभिमानानं सांगत होता. "म्याडम, आमी डोळ्यांनी पाह्यलं. ट्रॅक्टर काट्यावर चढतो न चढतो तोच ह्यो हात करतो. थांब म्हनतो. मग जरा वेळानं ये म्हनतो. ज्याला ज्याला हात केला, त्याचं वजन कमी. आता बोला!"

"हात का करता तुम्ही?" मी ऑपरेटरला विचारलं.

"स्क्रीन जाती म्हनून. काळी व्हती. तुमच्या साहेबानंच सांगितलंय, लाइट मिचकावली की असं व्हतं, थांबायचं, परत आली की चालू करायचं. मंग मी ट्रॅक्टर हाय तिथं थांबवतो. त्यात काय गुन्हा केला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्याकडे लाइट मिचकावते हे शेंबड्या पोरालाही पटतं, म्हणून साहेबांनी बरोबर ते कारण शोधलं होतं. मी केबिनमध्ये जाऊन डबा उघडला. सेटिंग बघितली. कर्नलचे सगळे मेसेज बंद केलेले, आणि पडला की एक शब्दही न बोलता आपोआप पुन्हा सुरू व्हायचं. सोडवलं म्हणे! तोंड बांधून ठेवलं होतं.

पुढचं मला तिथं उभ्या उभ्या कळलं. डबा सुरू होताना काटा रिकामा आहे असं धरून चालायचा, म्हणजे तेव्हा वर जे काही असेल त्यालाच शून्य समजायचा. ट्रॅक्टर चढताना आकड्यांचा लोंढा यायचा, डबा पडायचा, स्क्रीन काळी व्हायची. हा बिचारा प्रामाणिकपणे हात करून ट्रॅक्टर थांबवायचा, तेव्हा पुढची चाकं काट्यावर असायची. डबा उठायचा आणि ती चाकं शून्य धरायचा. तेवढं वजन गायब. ट्रॅक्टर उतरला की शून्य पुन्हा सावरलं जायचं, म्हणून तपासायला गेलं की काटा बरोबर. माणूस मात्र चोर.

मी मेसेज चालू केले, आपोआप उठणं बंद केलं, स्क्रीन खिडकीकडे वळवली आणि मालकाला म्हटलं, "पोलिसांना नंतर बोलवा. आधी ट्रॅक्टर चढवा."

ट्रॅक्टर चढले, उतरले. काही झालं नाही. पुन्हा चढले. डबा शहाण्यासारखा वजनं सांगत होता. लोक हसायला लागले. "म्याडम, घरी जाऊन भाकऱ्या थापा," मागून कोणीतरी म्हणालं. "तुमच्या घरी थापायला कोणी नाही वाटतं!" मी ओरडले. उन्हानं आणि रागानं माझे कान तापले होते. मनात म्हणत होते, पड बाबा, एकदा पड. एरवी पडतोस ना!

"जोरात आणा," मी त्या धिप्पाड शेतकऱ्याला म्हटलं. "थेट चढवा, हळू नको."

त्यानं रागारागानं गिअर टाकला. पुढची चाकं धाडकन चढली आणि स्क्रीनवर पांढरी अक्षरं सरसर उमटली. पॅनिक. खाली साहेबांनी लिहिलेल्या भागाचं नाव, आणि डबा जागच्या जागी थांबला. ऑपरेटरचा हात सवयीनं वर गेला. ट्रॅक्टर थांबला.

मी डबा हातानं सुरू केला. चाकं काट्यावर, आकडा शून्य. "या आता पुढं." तो पूर्ण चढला. वजन कमी. मग त्याला खाली उतरवलं, काटा रिकामा करून पुन्हा घेतलं. वजन बरोबर.

मारणारा शेतकरी स्क्रीनकडे बघत राहिला. वाचता येत नव्हतं त्याला ते, पण कळलं होतं. मग म्हणाला, "बरं मंग, पावती द्या. उशीर व्हतोय." बस्स. चूक झाली, हे दोन शब्द कोणाच्या तोंडून निघाले नाहीत.

मालकानं तिथूनच साहेबांना फोन लावला. साहेब काय म्हणाले ते मला पलीकडून ऐकू आलं: "तिनंच हात लावून बिघडवलं असेल. आधी कधी झालं होतं का असं?" चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि एक संन्यासी सुटला तर दुसरा तयार! मालकानं फोन ठेवला आणि ऑपरेटरला म्हणाला, "चल, बस जाग्यावर. गाड्या खोळंबल्यात."

तो बसला नाही. चप्पल घातली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"मी चोर नाय, हे मला म्हाइत होतं. तुमच्या डब्यालाबी म्हाइत होतं. त्याचं तोंड कोनी बांधलं?"

"आमच्या साहेबांनी," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

"मंग त्यांना का नाय मारत कोनी?" तो म्हणाला आणि निघून गेला.

मी दुसऱ्या दिवशी साहेबांना जे बोलले ते छापण्यासारखं नाही. काका वायरी सोडून बाहेर जाऊन उभे राहिले होते. नोकरी सोडली. साहेबांचं काही वाकडं झालं नाही, त्यांचे डबे पुढं दुसऱ्या जिल्ह्यांतही गेले. अजूनही कुठं काट्यावर स्क्रीन काळी झालेली दिसली की माझं रक्त उकळतं.

बऱ्याच वर्षांनी नाशिकमध्ये रस्त्यावर एका हातगाडीपाशी द्राक्षं घ्यायला थांबले. गाडीवाल्यानं तागडी उचलली ती माझ्या डोळ्यांसमोर, नाकाला लागेल इतकी जवळ. माझी आई बाजारात फुलं अशीच तोलायची, गिऱ्हाइकाला काटा दिसला पाहिजे म्हणून. पण आई बरोबर तोलायची. यानं द्राक्षांचं पारडं पार खाली गेल्यावरही वर आणखी एक घड ठेवला.

"अहो दादा, पुरे. जास्त झालं."

"ऱ्हाऊ द्या, ताई. कमी भरलं असं कोनी म्हनाया नको."

तेव्हा मी त्याच्याकडे नीट बघितलं. केस पिकले होते. "दादा, मला ओळखलं का? लासलगावकडचा काटा. मी ती डबेवाली. तुमची काही चूक नव्हती, ते मी दाखवलं होतं सगळ्यांना."

त्यानं मला ओळखलं. मग खाली वाकून त्यानं आणखी एक घड उचलला, पारड्यात टाकला आणि तागडी पुन्हा माझ्या डोळ्यांसमोर धरली.

"तुमीबी बघून घ्या, ताई," तो म्हणाला. "बरोबर हाय ना?"