काळ्यापांढऱ्या दाराचा रंग

आमच्या रंगाऱ्याने जन्मभर लोकांची घरं रंगवली, पण स्वतःच्या दारावर रंगाचा हात कधी फिरवला नाही. भिंतींना चुना, खिडक्यांना तेलरंग, सगळं वेळच्या वेळी व्हायचं. दार मात्र राखाडी अस्तरावरच थांबलेलं. अधूनमधून तो ते पॉलिशपेपरने घासायचा, भेगांमध्ये लांबीचा लगदा भरायचा, नवं अस्तर चढवायचा आणि डबा झाकून आत जायचा. रस्त्याने जाणारा एखादा नवखा विचारायचा, "काम अर्धवट राहिलंय का?"

"चालू आहे," रंगारी म्हणायचा.

चालू होतं ते असं की दारावरून गेलेली पावसाळ्यांची रांग मोजायला बसलं तर माणूस कंटाळावा.

ह्या सगळ्याचं मूळ एका पिक्चरमध्ये होतं. लग्न झालं त्या वर्षी तो बायकोला घेऊन शेजारच्या गावच्या टॉकीजला गेला होता. पिक्चर तेव्हाच जुना झालेला, काळापांढरा, मधूनमधून पडद्यावर रेघा पाडणारा. त्यात एक बाई घर सोडून निघते. बाहेर येते, दार ओढून घेते, पण लगेच पाऊल उचलत नाही. दारावर तळहात टेकवून उभी राहते. गाणं नाही, रडणं नाही, नुसता हात आणि दार. मग पुढे बरंच काही घडतं, आणि शेवटी तिचा नवरा येतो आणि त्याच दारावर, त्याच जागी आपला हात ठेवतो. तिथेच पिक्चर संपतो.

लोक बाकं वाजवत बाहेर पडले. ही दोघं बसूनच राहिली. झाडू मारणारी बाई त्यांच्या पायांपर्यंत आली आणि म्हणाली, "उठा आता. पुढच्या खेळाला वेगळं तिकीट लागतं."

घरी परतताना वाटेत रंगारी म्हणाला, "आपल्या दाराला तसाच हिरवा देऊ या."

"हिरवा? निळा होता तो."

"निळा कसला? गर्द हिरवा."

"अहो, मी ह्या डोळ्यांनी बघितला."

"मग मी काय कानांनी बघितला?"

चार पावलं गेल्यावर दोघांच्याही एकदम ध्यानात आलं की पिक्चरला रंगच नव्हता. भर रस्त्यात थांबून दोघं पोट धरून हसली. पण हसून झाल्यावरही तिचं दार निळंच राहिलं आणि त्याचं हिरवंच.

दुसरं कुणी जोडपं असतं तर एकाने माघार घेतली असती आणि विषय मिटला असता. हा पडला रंगारी. दगडाला, पाण्याला, सावलीलाही काहीतरी रंग असतो हे त्याला जन्मापासून ठाऊक. तेव्हा त्या दारालाही रंग होताच. कॅमेऱ्याने तो लपवला, एवढंच. आता कुतूहल हे काही पोट भरणारं काम नाही, पण एकदा मागे लागलं की जेवताना ताटाशेजारी येऊन बसतं. ज्या घरी रंगाला जाईल तिथे तो शिडीवरून विचारायचा, "तो दारवाला पिक्चर बघितलाय का? दार कुठल्या रंगाचं होतं?"

गंमत म्हणजे कुणीही "माहीत नाही" असं म्हणत नसे. पोस्टमन म्हणाला, लाल. शाळेतल्या बाई म्हणाल्या, फळ्यासारखं काळपट. न्हावी म्हणाला, "दार होतं का त्यात? मी तिच्या केसांकडे बघत होतो. आत होती तेव्हा भांग मधे, बाहेर आली तेव्हा बाजूला. एवढी मोठी चूक, पण बोलणार कोण?" मलाही त्याने विचारलं. मी क्षणभरही न थांबता म्हणालो, "विटकरी." घरी पोहोचल्यावर आठवलं, विटकरी दार माझ्या आजोळचं होतं.

बायको त्याला चिडवायची. "लोकांच्या नवऱ्यांना पिक्चरमधली बाई आवडते. माझ्या नवऱ्याला दार आवडलं. सवत म्हणून भांडायचं तरी कुणाशी?"

मग तिच्या डोळ्यांचं दुखणं निघालं. आधी तिला सुईत दोरा ओवता येईना, मग ताटातला पांढरा भात आणि पांढरं दही तिला वेगळं दिसेना. मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, डोळ्यामागची नस सुकत चालली आहे. थेंब घाला, वेग कमी होईल. गेलेलं परत येणार नाही.

परतीच्या बसमध्ये ती दुकानांच्या पाट्या वाचून बघत होती. घराच्या फाटकाशी येऊन थांबली आणि म्हणाली, "आता दार रंगवा. मला दिसतंय तोवर."

"उद्याच निळा देतो."

"का? माझ्या डोळ्यांची कीव आली म्हणून?" ती उसळली. "इतकी वर्षं भांडलात आणि आता फुकटात हरता होय? मला ते चालायचं नाही. खरा कुठला होता तो शोधून काढा. मलाही बघायचंय, जन्मभर कोण चुकत होतं ते."

त्याला तेव्हा कळलं की हे खूळ एकट्याचं नव्हतं.

तो कामाला लागला. भाचीने फोनवर तो पिक्चर शोधून दिला आणि नेमकं दारापाशी चित्र थांबवलं. तळहाताएवढ्या काचेत तो राखाडी रंग त्याने टक लावून पाहिला. मग त्याने हिरवी, निळी, विटकरी अशा तीन फळ्या रंगवल्या, बगलेत मारल्या आणि फोटो स्टुडिओ गाठला.

"कुणाचा फोटो?" स्टुडिओवाल्याने विचारलं.

"ह्यांचा. काळापांढरा काढा."

"बरं. हसायला सांगू का ह्यांना?"

फोटो आला तेव्हा रंगारी चक्रावला. तिन्ही फळ्या तिळ्या बहिणींसारख्या एकाच राखाडी रंगाच्या दिसत होत्या. कुठली हिरवी आणि कुठली निळी, हे ज्याने रंगवल्या त्यालाही ओळखू येईना. तो फोटो उलटासुलटा करून पाहत राहिला. एवढे रंग हाताळले, पण त्यांच्या पोटात असं काही दडलेलं असेल हे त्याला कधी सुचलं नव्हतं. फोटो त्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवला. पण प्रश्न होता तिथेच राहिला.

शेवटी रंगाच्या दुकानदाराने रस्ता दाखवला. त्याच्याकडे पूर्वी माल टाकणारा एक जण सिनेमाच्या स्टुडिओलाही रंग पुरवायचा. त्याच्याकडून पत्ता लागला. त्या पिक्चरचे सेट रंगवणारा म्हातारा अजून होता, लेकीकडे, दूरच्या शहरात. रंगारी पहाटेची बस धरून गेला.

म्हातारा गॅलरीत उन्हाला बसला होता. हातांना कंप होता, नखांच्या कडांना मात्र अजून रंग होता.

"तो पिक्चर? हो, दार माझंच."

"मग रंग कुठला होता?" रंगाऱ्याने चहाला हातही न लावता विचारलं.

म्हातारा खोकत खोकत हसला. "अरे बाबा, तिथे रंगाकडे बघतो कोण! उघडा असेल तो डबा घ्यायचा. भिंत गुलाबी, टेबल जांभळं, खुर्ची शेवाळी. सेटवर पाय ठेवला की डोकं दुखायचं. पडद्यावर सगळं कसं सभ्य दिसायचं."

"पण ह्या दाराचं काहीतरी आठवत असेल ना?"

"दाराने दमवलं होतं. बाईचा हात गोरा आणि दार फिकं. हात ठेवला की दारात विरघळून जायचा. मग गडद केलं, तर बोटं दिसेनात, नुसता पंजा दिसायचा. पुन्हा उतरवलं. बिचारीला उभी करायचो, हात ठेवायला लावायचो, लांब जाऊन डोळे बारीक करून बघायचो. बोट न् बोट सुटं दिसलं तेव्हा थांबलो. डब्यात काय होतं ते गेलं डोक्यातून. हात तेवढा आठवतो."

रंगाऱ्याने स्वतःचा तळहात उलटासुलटा करून पाहिला. मग गार झालेला चहा एका घोटात पिऊन निघाला.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, मधेच म्हणाली, "म्हणजे आपण दोघंही बरोबर."

"दोघंही चूक, असं म्हण."

"तेवढ्यासाठी एवढा प्रवास केलात?"

"नाही," तो म्हणाला. "उद्या सकाळी जरा उभी राहा दारापाशी."

सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर त्याने फळ्या आणून दाराला टेकवल्या. पहिली हिरवी. तिचा तळहात धरून त्याने फळीवर ठेवला. सावळा, कामाने राठ झालेला हात.

"दिसतो का?"

"दिसतो की."

"खरं सांग."

तिने डोळे बारीक केले. "मनगट कळतं. पुढे काय आहे ते कळत नाही."

निळ्या फळीवर तिने हात पुष्कळ वेळ ठेवला. डोकं इकडे कलवून पाहिलं, तिकडे कलवून पाहिलं. शेवटी तिनेच हात काढून घेतला. "ह्यातही बुडतो."

विटकरीचंही तेच झालं. तेव्हा तो खाली उकिडवा बसला आणि पांढऱ्या रंगात पिवळ्याचे थेंब टाकून ढवळू लागला. एक फळी केली, ती फार पांढरी झाली, तिच्या डोळ्यांना उन्हात खुपली. पुन्हा थेंब टाकले, पुन्हा ढवळलं, फळी उन्हात सुकवली. नंतरची फळी सायीच्या रंगाची झाली. तिने हात ठेवला आणि ती म्हणाली, "थांबा."

तो थांबला.

"करंगळी दिसते." तिने बोटं फाकवली, मिटली, पुन्हा फाकवली. "तिचं वाकडं नखसुद्धा दिसतंय हो."

"पण हा निळा नाही. बघ हं. एकदा दिला की दिला."

"निळा माझ्याकडे आहेच. तो कुठे जातोय? हा नव्हता माझ्याकडे."

त्याच दिवशी त्याने दाराला पहिला हात दिला. ती पायरीजवळ स्टूल घेऊन बसली आणि गवंड्यावर नजर ठेवणाऱ्या मालकिणीसारखी सूचना देऊ लागली. "वर राहिलं. नाही, तिथे नाही, कडेला. अहो, कडीच्या मागे."

कडीच्या मागे काही राहिलेलं नव्हतं. रंगाऱ्याने वाकून नीट पाहिलं, ब्रश डब्यात बुडवला आणि कडीच्या मागे पुन्हा एकदा फिरवला.

"आता?" त्याने विचारलं.

"आता झालं," ती म्हणाली, आणि स्टूल आणखी थोडं पुढे सरकवून बसली.