रिकाम्या खोक्यांचा वर्ग

ऑफिसात तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे मोजपट्टी. तिला ते ठाऊक होतं, आणि त्यात काही वावगंही वाटत नव्हतं, कारण गुंडाळता येणारी लांब पट्टी खरोखरच तिच्या पर्समध्ये कंगव्याशेजारी असायची. बावीस वर्षं ती एकच काम करत आली होती. गोदामात काय साठवलंय ते पाहायचं आणि ते कितपत पेटेल याचा वर्ग ठरवायचा. त्या वर्गावरून छताला किती स्प्रिंकलर बसवायचे, त्यांतून किती पाणी पडायला हवं, हे पुढचे लोक ठरवत. तिने आकडा लिहिला की नळ त्या हिशेबाने येत. आकडाच चुकला, तर नळ बिचारे काय करणार?

घरी ती आणि नणंद, दोघीच. नवरा जाऊन सात वर्षं झाली होती. नणंद धाकटी, बोलकी, आणि तीनच आठवड्यांपूर्वी पंपांच्या एका गोदामात पॅकिंगच्या कामाला लागलेली.

एका रविवारी दुपारी जेवताना नणंद म्हणाली, "वहिनी, आमच्याकडे भरदिवसा दिवे लावावे लागतात गं. मागच्या भिंतीला खोक्यांची एवढी थप्पी, छताला टेकलीय नुसती."

"भरलेली ना? पंपांची?"

"छे! रिकामी. माल पोचवून परत येतात ती. पट्ट्यापट्ट्यांची, फटीफटींची. फेकवत नाहीत म्हणून रचून ठेवतात."

तिने हातातला घास ताटात परत ठेवला. ते गोदाम तिनेच पाहिलं होतं, चार महिन्यांपूर्वी.

जेवण तसंच टाकून तिने कपाटातून कागदांची प्रत काढली. 'लाकडी खोक्यांत लोखंडी पंप. वर्ग दुसरा.' त्याखाली, तिच्याच गोलगोल अक्षरात: 'रिकामी खोकी: नाहीत.' आणि सही. त्या दिवशी गुडघा ठणकत होता, गोदाम बंद व्हायची वेळ झाली होती, आणि मॅनेजर म्हणाला होता, रिकामी आम्ही ठेवतच नाही. ती मागच्या भिंतीपर्यंत गेली नव्हती. बावीस वर्षांत एकदाच गेली नव्हती.

तिने मॅनेजरला फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. रविवारचं कोण उचलणार! ती खोलीभर फिरत राहिली. भरलेल्या खोक्यात लोखंड असतं, ते आग शोषून घेतं. रिकाम्यात असते फक्त हवा, आणि आगीला आणखी काय लागतं? छतापर्यंत हवा आणि कोरडं लाकूड, आणि वर दुसऱ्या वर्गाचे, कमी पाण्याचे नळ.

सोमवारी सकाळी तिने नणंदेची पिशवीच धरली. "आज नको जाऊस."

"का? तुला भीती वाटते म्हणून? नवी नोकरी आहे वहिनी, पहिल्याच महिन्यात दांडी मारू?"

"मग मी येते बरोबर."

"ये बाई. पण तिथे माझी वहिनी म्हणून नको येऊस, लोक हसतील."

गोदामात शिरल्या शिरल्या ती थेट मागच्या भिंतीकडे गेली. पट्टी लावली. सोळा फूट चार इंच. सर्वांत वरचं खोकं आणि स्प्रिंकलर यांच्यात वीतभरही जागा नव्हती.

मॅनेजर जाडजूड, हसतमुख माणूस. कमरेवर हात ठेवून म्हणाला, "मॅडम, एवढं काय घाबरायचं? नळ आहेत की डोक्यावर. पेटलं तर उघडतील."

"उघडतील. पण पाणी आत जायला हवं ना."

"लाकूड ते लाकूड. भरलेलं काय नि रिकामं काय!"

"फाटकाबाहेर चला," ती म्हणाली. "पाण्याचा पाइप घ्या बरोबर."

फाटकाबाहेरच्या मोकळ्या जागेत तिने एक भरलेलं खोकं ठेवून घेतलं, आणि दहा पावलांवर तीन रिकामी एकावर एक. दोन्हींखाली रंध्यातून निघालेल्या सालपटांचा सारखाच ढीग पेटवला. भरलेल्याच्या खालच्या पट्ट्या काळ्या पडल्या, धुमसल्या, आणि लोखंडापाशी येऊन आग रेंगाळली. रिकाम्यांत मात्र ज्वाळा फटींतून सरसर चढली आणि वरून बाहेर आली, धुराड्यातून यावी तशी. मॅनेजर दोन पावलं मागे सरला.

"आता वरून पाणी मारा. फक्त वरून."

त्याने मारलं. वरची पट्टी भिजली, पाणी कडेने ओघळून गेलं, आणि आतून तडतड आवाज येतच राहिला. शेवटी त्याने बांबूने थप्पी पाडली, तेव्हा कुठे ती विझली.

त्याने बांबू खाली टाकला. मग म्हणाला, "पण मॅडम, सही तुमचीच आहे."

"माझीच आहे. तुम्ही नाही म्हणालात आणि मी पाहिलं नाही. आज ती मागे घ्यायला आलेय."

"लेखी?"

"लेखी."

त्याचं हसू मावळलं. आपलंही बोलणं कागदावर येणार, हे त्याच्या लक्षात आलं होतं. तरी त्याने माणसं बोलावली.

थप्पी उतरवायला चार दिवस लागले. डोक्याइतक्या उंचीपर्यंत काही खोकी राहिली, बाकीची बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये गेली. ते चारही दिवस ती रजा टाकून गोदामाच्या दाराशी स्टूल घेऊन बसली. कोणी खिशात हात घातला, तरी ही स्टुलावरून अर्धी उठायची. एकदा तर एकाने नुसता रुमाल काढला, आणि ही ओरडली, "ए, काडी नको!" सगळे पोट धरून हसले. नणंदेने मान खाली घातली आणि दोन दिवस अबोला धरला.

तिसऱ्या दिवशी नणंदच चहाचा कप घेऊन दाराशी आली. "घे. साखर कमी आहे." मग हळूच, "मॅनेजर सांगत होता, तू स्वतःचीच चूक लिहून दिलीस."

"दिली."

"नोकरी गेली तर?"

"बघू."

नोकरी गेली नाही, पण ऑफिसातले साहेब तापले. "मोठ्या गिऱ्हाइकापुढे आपण तोंडावर पडलो," म्हणाले, आणि तिचा सहीचा अधिकार सहा महिन्यांसाठी काढून घेतला. तिने पाहिलेलं प्रत्येक गोदाम शेजारच्या टेबलावरच्या नकाशेवाल्याने पुन्हा तपासायचं ठरलं. तिच्यापेक्षा दहा वर्षांनी धाकटा, आणि शंकेखोर. पहिल्या दिवशी अपमानाने तिचे कान लाल झाले.

त्या गोदामात पुढे आग लागली नाही. मॅनेजर अजून लोकांना सांगतो की मॅडमनी उगाच बाऊ केला होता. त्याला खोटं पाडायला तिच्याकडे काही नाही.

सहा महिन्यांनी साहेबांनी बोलावून अधिकार परत दिला. ती म्हणाली, "माझी सही राहू दे, पण खाली त्याचीही असू दे."

"का? तुमच्यावर विश्वास आहे आमचा."

"माझा थोडा कमी झालाय, साहेब."

तेव्हापासून कागदावर दोन सह्या असतात. नकाशेवाला प्रश्न फार विचारतो, भिंतीमागे काय, जिन्याखाली काय, उद्या काय येणार. तिला राग येतो, ती सुस्कारा सोडते, आणि पट्टी घेऊन पुन्हा पाहायला उठते.