मैलांची भिशी

विमानकंपनीवर केस करायची आहे असं मी सांगितलं, तेव्हा गोंदियाच्या कोर्टासमोर बसणाऱ्या वकीलसाहेबांनी आधी चष्मा काढला. त्यांच्याकडे शेताच्या वाटणीचे दावे यायचे, ट्रॅक्टरच्या अपघातांची भरपाई यायची. "तुमचं विमान कब से चालू झालं भाऊ?" ते म्हणाले. मग मी मैलांचं समजावून सांगितलं. आपण प्रवास करतो तेवढे मैल कंपनी आपल्या खात्यात टाकते आणि पुरेसे साठले की फुकट तिकीट देते. आम्हा मित्रांचे मैल होते, त्यांवर काढलेलं तिकीट होतं, आणि कंपनीनं एका सकाळी तिकीट रद्द करून खातीच बंद करून टाकली. कारण काय, तर नियमभंग. कोणता नियम, कसला भंग, कोणी सांगेना. वकीलसाहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. "जमीन नाही, पैसा नाही," ते म्हणाले, "फिर भी तुमचं होतं और उन्होंने ले लिया. बसा." मला ते तिथेच आवडले.

माय माझ्यासोबत होती. ती काही बसली नाही. जणू गाडी फलाटावर लागली आहे अशी पिशवी धरून उभीच राहिली.

तिकीट तिचंच होतं. माझी धाकटी बहीण पोर्ट ब्लेअरच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं अशी आमच्याकडे रीत, पण तिची रजा उशिरा मंजूर झाली आणि तोवर दिवस भरत आले. आता विमानात बसायचं नाही, असं तिथल्या डॉक्टरनं बजावलं. तिला सासू नाही, नवरा फिरतीच्या नोकरीवर. मायनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लेक येऊ शकत नाही ना, मंग मायच जाईन." विमान तिनं फक्त फुलचूरच्या आमच्या घरावरून जाताना पाहिलेलं. पण त्या दिवसापासून तिनं डिंक-मेथीचे लाडू वळायला घेतले आणि आपल्या जुन्या मऊ लुगड्याची दुपटी शिवायला बसली.

पैसे देऊन तिकीट काढायचं तर डिसेंबरातल्या अंदमानच्या भाड्यानं डोळे पांढरे व्हायचे. कोलकात्याहून बोट जायची, तिच्यात जागा नव्हती. पण मला काळजी नव्हती, कारण त्या वर्षी भिशीत माझा नंबर लागला होता.

ही भिशी आमची आम्हीच काढलेली. पांढऱ्या तांदळातून काळा दाणा निवडून बाहेर फेकणारं मशीन राइस मिलमध्ये बसवायचं, हे माझं काम. आम्ही पाच जण होतो, पाचही इकडचेच. कंपनी आम्हाला नागपूरहून कधी कोलकात्याला, कधी हैदराबादला, कधी गुवाहाटीला पाठवायची. मैल प्रत्येकाच्या खात्यात जमायचे, पण एकट्याचे कशालाच पुरायचे नाहीत. एकट्याचं पुरत नसलं की आमच्याकडे लोक भिशी घालतात. सगळे थोडं थोडं टाकतात आणि ज्याची चिठ्ठी निघेल तो घेतो. आम्हीही तेच केलं. वर्षातून एकदा स्टेशनजवळच्या टपरीवर चहा पिता पिता चिठ्ठी काढायची. ज्याची निघेल त्याच्या घरच्यांसाठी बाकीच्यांनी आपापल्या खात्यातून प्रवासाच्या एकेका टप्प्याचं तिकीट काढून द्यायचं. रुपयाचाही व्यवहार नाही. एकाचे आईबाप असेच लेकीकडे गुवाहाटीला जाऊन आले होते. या भिशीचा मला इतका अभिमान होता की गाडीत शेजारी बसलेल्या माणसालाही मी ती समजावून सांगायचो.

वकीलसाहेबांनी कंपनीला इंग्रजीत कडक नोटीस पाठवली. "पंधरा दिवसात लाइनवर येतात," ते म्हणाले. मी त्या नोटिशीवर जीव टांगून बसलो. उधार-उसनवार करून तिकीट काढण्याची धडपड तेव्हाच करायला हवी होती. पण आपली बाजू खरी आहे, मग आपण कायले पैसे भरायचे, असा माझा ताठा. भाडं रोज चढत होतं आणि बहिणीचे पाय सुजत होते.

कंपनीचं उत्तर आलं तसं वकीलसाहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. कागद समोर धरून ते मराठीत सांगत गेले. तिकीट दुसऱ्याला भेट देता येतं, पण कशाच्या तरी बदल्यात देता येत नाही, असा नियम आहे. हे प्रकरण बदल्याचंच होतं, हे खुद्द प्रवासी बाईंनी कंपनीच्या कर्मचाऱ्याला फोनवर सांगितलं असून ते बोलणं कंपनीकडे रेकॉर्ड आहे.

मी मायकडे पाहिलं.

"हाव, फोन आलता," ती म्हणाली. "पोरगी मोठी चांगली होती. तिकीट देनारे तुमचे कोन लागते, असं इचारलं तिनं. मी म्हटली, कोनी नाही लागत, पोराच्या संग काम करते. त्याईची भिशी आहे, आवंदा आमचा नंबर लागला. तिले भिशी समजत नव्हती, तर मी समजावून सांगतली." मग तिनं वकीलसाहेबांना विचारलं, "खोटं होतं का थे?"

"नाही आजी, खरं होतं. तोच तर त्रास आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुले कोनं सांगतलं होतं येवढं बोलाले?" मी त्या खोलीत, बाहेरची माणसं ऐकत असताना, तिच्यावर ओरडलो.

"तू मले सांगतला होता का, की हे लपवाचं आहे म्हनून?"

सांगितलं नव्हतं. मलाच माहीत नव्हतं. पाचांपैकी एकानंही ते नियम उघडून पाहिले नव्हते. पाचही खाती एकदमच बंद झाली होती, आणि का, ते आता सगळ्यांना कळणार होतं. झालंही तसंच. पुढे टपरीवर माझ्याशी कोणी धड बोलेना.

वकीलसाहेबांनी एक वाट काढली. ग्राहक मंचात अर्ज टाकायचा, तातडीचा आदेश मागायचा, आणि सोबत मायचं प्रतिज्ञापत्र जोडायचं. त्यात मायच्या नावानं लिहिलेलं होतं: माझं वय झालं आहे, मला फोनवरचं हिंदी समजत नाही, माझा गोंधळ होतो, मी काय बोलले ते मला समजलं नव्हतं. "बस्स, इतकंच. सही झाली की उद्या दाखल करतो. खात्री देत नाही, पण चान्स आहे." ते वाईट माणूस नव्हते. त्यांनाही बहिणीचे भरत आलेले दिवस दिसत होते.

माय सौंदडची. तिचा बाप दाखवाल तिथे अंगठा द्यायचा. ती लिहायला शिकली ती लग्नानंतर, विहारातल्या संध्याकाळच्या वर्गात, मला मांडीवर घेऊन. बँकेत कोणी सवयीनं शाईचा पॅड पुढे सरकवला तर ती तो परत सरकवते आणि पूर्ण नाव लिहिते, सावकाश, मागची रांग खोळंबली तरी. वकीलसाहेब वाचून दाखवायला लागले तर तिनं कागद मागून घेतला. ओळीखाली बोट धरून वाचला. बराच वेळ लागला. मग तिनं पेन टेबलावर ठेवला.

"मले समजत नाही, असं लिवलं आहे यात."

"फक्त मंचासाठी आहे, आजी."

"मले समजते. मी समजूनच बोलली."

"माय," मी हात जोडले, खरंच जोडले, "पोट्टी एकटी आहे थितं."

"मले मालूम नाही का? तिची माय आहो मी." तिचा आवाज फाटला. "पन येडी ठरून जाऊ का तिच्याकडे?"

वकीलसाहेबांनी कागद माझ्या हातात दिला. घरी नेऊन समजवा, म्हणाले. फुलचूरपर्यंत ऑटोत मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो. घरी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा ती उठून लाडवांचा डबा पुसायला लागली. त्या दिवसांत मला तिचा राग येत होता, आणि रात्रीचं जेवण तिच्याच हातचं जेवताना स्वतःचा. कोण बरोबर होतं हे मला आजही ठरवता येत नाही.

प्रतिज्ञापत्राशिवायच अर्ज टाकला. पुढची तारीख मिळाली, आणि त्या तारखेच्या आधीच बहीण बाळंत झाली. मुलगी झाली. दोन दिवसांनी तिचा फोन आला. माय मोबाइल कानाला घट्ट लावून विचारत होती, पोट बांधलं का, शेक घेऊन राहिली का, दूध उतरलं का. तिकडे सगळं शेजारीण करत होती. मोबाइलचा आवाज मोठा, मला सगळं ऐकू येत होतं.

"माय, तू आली काऊन नाही? दादा काही धड सांगत नाही."

कंपनी वाईट आहे, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. माय म्हणाली, "मले फोनवर इचारलं, मी खरं सांगतली. मंग मले समजत नाही असं लिवून मांगत होते. थे मी नाही देली."

पलीकडे फक्त बाळाचं रडणं. मग बहिणीचा थकलेला आवाज आला, "माझ्यासाठी लिवून द्यायचं होतं ना, माय."

मायनं मोबाइल माझ्या हातात दिला. ती भिंतीला टेकून बसली. मी बहिणीशी काहीतरी बोललो आणि फोन ठेवला. माझ्याकडे न बघताच मायनं विचारलं, "थो कागद आहे का अजून? आन, सही करतो मी."

कागद माझ्या बॅगेत होता, वरच्याच कप्प्यात.

"फाडला मी थो," मी म्हणालो.